यंत्र उघडून पाहणारे चित्रकार

२०१६ साली शांघायच्या क्रोनस आर्ट सेंटरमध्ये मोठमोठे कॅनव्हास उभे होते आणि त्यांच्यासमोर चित्रकार नव्हता. लोखंडी चौकटीवर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणारा एक यांत्रिक ब्रश होता आणि दूरच्या एखाद्या चौकातला कॅमेरा त्याला जोडलेला होता. तिथून गाड्या आणि माणसं जातील तसतशा त्यांच्या कडा सॉफ्टवेअर टिपून घेई आणि ब्रश त्या रंगात ओढत राही. दिवसा, रात्री, आठवडेच्या आठवडे. रेषांवर रेषा चढून शेवटी गर्दीचा एक दाट थर तयार होई, त्यात ओळखू येईल असा चेहरा एकही नसे. हे यंत्र मांडणारा लिऊ शियाओदोंग हा चीनमधला नावाजलेला वास्तववादी चित्रकार. एरवी प्रत्यक्ष जागेवर जाऊन, माणसं समोर बसवून तैलरंगात काम करणारा. ज्याचा हात उत्तम चालतो अशाच माणसाने हात बाजूला ठेवून पाहिला होता. कामाला त्याने नाव दिलं, 'निद्रानाशाचं ओझं'.

अशा कामापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, हे चित्र नक्की कुणाचं? कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं एआय, आल्यापासून हाच प्रश्न आपल्याकडेही फिरतो आहे. मार्च २०२५ मध्ये घरोघरचे फोटो जपानी 'घिबली' शैलीत बदलून घेण्याची लाट आली तेव्हा तो अनेकांना पहिल्यांदा पडला. आता चौकातल्या फ्लेक्सपासून व्हॉट्सॲपवरच्या सणाच्या शुभेच्छांपर्यंत यंत्राने घडवलेली चित्रं आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हाताने काढलेलं नाही ते चित्रच नाही. दुसरा म्हणतो, कॅमेरा आला तेव्हाही लोक असंच ओरडले होते, आता गप्प बसा. मला दोन्ही बाजू सारख्याच उथळ वाटतात, कारण दोघांचंही लक्ष यंत्र आहे की नाही एवढ्यावरच आहे. कलाकाराने ते यंत्र आतून समजून घेतलं की दुकानातून आणलं तसंच चालवलं, यावर चित्राचा कस ठरतो. याची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि भक्कम साक्ष नाशिकची आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळके म्हटलं की आपण लगेच 'भारतीय चित्रपटाचे जनक' म्हणून हात जोडतो आणि त्या नमस्कारात एक गोष्ट हरवते. फाळके मुळात चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पण रंग-ब्रशावर ते थांबले नाहीत. छायाचित्रण, ब्लॉक तयार करणं, शिळाप्रेस अशी प्रतिमा छापण्याची आणि वाढवण्याची जी जी युक्ती त्या काळी मिळत होती ती त्यांनी हाताखालून घातली. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. रविवर्म्याची देवदेवतांची चित्रं ज्या लोणावळ्याजवळच्या प्रेसमधून घरोघरी जात होती, त्या प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं. स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईचं तंत्र पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. पुढे भागीदारांशी बिनसल्यावर छापखान्यातून बाहेर पडले. ख्रिस्ताच्या जीवनावरचा पट पाहून त्यांच्या मनात राम-कृष्ण पडद्यावर आणायचं आलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागे यंत्रातून प्रतिमा कशी निघते याचा वीस वर्षांचा अभ्यास होता, ते मात्र क्वचितच सांगितलं जातं.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत चित्रीकरण पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म, फिल्मला छिद्रं पाडण्याचं यंत्र असा सरंजाम जमवून परतले. त्या काळी फिल्मची पट्टी कोरी मिळत असे. ती कॅमेऱ्यात पुढे सरकायची तर कडेला सारख्या अंतरावर छिद्रं हवीत, आणि उजेड लागला की फिल्म गेली. म्हणून हे काम काळोखात, बोटांच्या अंदाजाने करावं लागे. फाळक्यांच्या घरी ते सरस्वतीबाईंनी केलं. घरातलं स्वयंपाकपाणी उरकून अंधाऱ्या खोलीत फूट-फूट फिल्म यंत्राखालून काढायची, छिद्र तिरकं गेलं तर पडद्यावरचं चित्र उडणार हे ध्यानात ठेवायचं. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या, आणि चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. भारतातल्या पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घ्यायला हवं. आपण ते 'पत्नीची साथ' या सदरात टाकून मोकळे होतो.

पैसे उभे करायचे तर सावकाराला काहीतरी दाखवायला हवं होतं. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडी थोडी फिल्म टिपली. पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. हे दृश्य कुठल्याही डोळ्याला दिसू शकत नाही. ते फक्त यंत्रामुळे दिसतं, आणि यंत्र काळाचे तुकडे करतं हे कळल्याशिवाय ते सुचतही नाही. त्यानंतर आला 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. पुढे बिऱ्हाड नाशिकला हललं आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या आपापल्या चालू लागल्या. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये भेदरलेल्या कंसाचं मुंडकं धडावरून उठून वर तरंगलं. 'लंकादहन'मध्ये साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोघांचीही कामं केली. यातल्या प्रत्येक करामतीमागे उघडझाप, दुहेरी छपाई, कॅमेरा थांबवून वस्तू हलवणं अशी एखादी खटपट होती आणि ती स्वतः शोधून काढावी लागत होती.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा 'चित्रपट कसे तयार करतात' हा १९१७ चा छोटा पट. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना. धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा वेडेपणा होता. जादूगार सहसा आपली पेटी उलटी करून दाखवत नाही. आणि जादूचा नाद तर त्यांना होताच. फाळके हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून ते पडद्यावर जादूचे प्रयोग करीत. तरीही त्यांनी प्रेक्षकाला पडद्यामागे नेलं. 'कालियामर्दन'च्या (१९१९) सुरुवातीला त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते आणि मग कृष्ण होते. म्हणजे हा देव आहे आणि ही मुलगी आहे, या दोन्ही गोष्टी एकदमच पाहा, असं प्रेक्षकाला सांगितलं जातं. यंत्राने फसवायचं आणि कसं फसवलं तेही दाखवायचं, हे फाळक्यांना एकाच कामाचे भाग वाटत होते.

आजचं यंत्र कसं चालतं ते थोडं समजून घेऊ. चित्र तयार करणाऱ्या एआयला आधी इंटरनेटवरून जमवलेली अफाट चित्रं आणि प्रत्येकासोबतचा मजकूर पुरवला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'स्टेबल डिफ्यूजन'च्या मागे जो 'लायन' नावाचा चित्रसंग्रह होता, त्यात पाच अब्जांहून जास्त जोड्यांची नोंद होती. शिकवण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. चित्रावर हळूहळू ठिपक्यांचा गोंगाट चढवत न्यायचा, चित्र पार बुडवायचं, आणि तो गोंगाट उलट पायऱ्यांनी काढायला यंत्राला शिकवायचं. पुरेसा सराव झाला की नुसत्या गोंगाटापासून सुरुवात करून, तुम्ही दिलेल्या शब्दांच्या रोखाने, यंत्र कधीच नसलेलं चित्र 'काढून' दाखवतं. त्याला नऊवारी म्हणजे काय ते माहीत नसतं; नऊवारी या शब्दाशेजारी जी चित्रं जास्त वेळा आली त्यांची सरासरी ओढ त्याला असते. ज्या समाजाची चित्रं आणि मजकूर इंटरनेटवर भरपूर, त्याची सरासरी रेखीव निघते. मराठीचं काय होतं ते अगदी अलीकडेपर्यंत कुठल्याही एआय पोस्टरवर वाचता येत होतं: चेहरा झकपक, मागे किल्ला, सोनेरी उजेड, आणि खालच्या ओळीतली जोडाक्षरं मोडलेली, काना-मात्रा भलतीकडे. 'श्री'चं काय झालंय हे पाहून गणपतीलाही शुभारंभाची शंका यावी.

चीनमधल्या काही कलाकारांकडे पाहावंसं वाटतं ते इथे, कारण ते नेमके या सरासरीच्या मुळाशी जातात. शू बिंग हा १९५५ चा जन्म असलेला, मुळात छापचित्रकार. १९८० च्या दशकात त्याने सुमारे चार हजार चिनी वाटणारी पण अर्थ नसलेली अक्षरं लाकडात कोरली आणि त्यांचे ग्रंथ छापले. 'आकाशातला ग्रंथ' म्हणून ते काम प्रसिद्ध आहे. जो छपाईचा साचा आपण निमूट खरा मानतो, त्यालाच त्याने हात घातला. २०१७ मध्ये त्याने 'चतुराचे डोळे' हा ८१ मिनिटांचा चित्रपट केला. त्यात नट नाहीत आणि छायालेखकही नाही. सगळी दृश्यं पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची: दुकानं, रस्ते, गोठे, कारखाने. २०१३ मध्ये त्याने हा प्रयत्न केला तेव्हा पुरेसं चित्रण मिळेना. दोन वर्षांत कॅमेरे इंटरनेटला जोडले गेले, लोक आपापल्या दुकानातलं चित्रण जाहीर दाखवू लागले आणि मग त्याच्या गटाने सुमारे दहा हजार तासांचं चित्रण जमवलं. त्यातून बौद्ध मठ सोडून बाहेर पडलेल्या एका तरुणीची आणि तिच्या मागे लागलेल्या तरुणाची गोष्ट रचली. संवाद नंतर चढवले. नायिका दर दृश्यात वेगळी बाई असणार हे उघड होतं, तेव्हा कथेतच प्लास्टिक सर्जरी आणली. ही सोय आहे आणि टीकाही: कॅमेऱ्याच्या नजरेत माणसं एकमेकांच्या जागी सहज खपतात. चित्रणात दिसणाऱ्या माणसांना शोधून त्यांची परवानगी मिळवण्याचा खटाटोपही त्या गटाने केला.

त्साओ फेई ही ग्वांगझोची, १९७८ ची. फोशानच्या बल्ब कारखान्यातल्या कामगारांवरचं तिचं 'कुणाचं हे स्वप्ननगर?' (२००६) हे काम यंत्राच्या लयीपासूनच सुरू होतं. काचेचे फुगे ओळीने सरकतात, हात तेच तेच करतात, आणि मग त्याच यंत्रांमधल्या वाटेवर एक कामगार बॅलेच्या पोशाखात नाचू लागते. पुढच्याच वर्षी त्साओने 'सेकंड लाइफ' या आभासी जगात 'आरएमबी सिटी' नावाचं एक आख्खं शहर उभारायला घेतलं आणि २०११ पर्यंत चालवलं. चीनमध्ये तेव्हा खरीखुरी शहरं ज्या वेगाने उठत होती त्याची ती अर्धी थट्टा होती. २०१८ च्या 'आशिया वन'मध्ये ती माणसांवाचून चालणाऱ्या अवाढव्य गोदामात गेली. तिच्या कामात तंत्रज्ञान हे सजावटीला येत नाही. त्याच्याखाली कोण राबतं, कोण कमी होतं, हे ती विचारत राहते. शांघायचा लू यांग (जन्म १९८४) वेगळ्या वाटेने जातो. स्वतःचा चेहरा स्कॅन करून त्याने 'डोकू' नावाचा, ना स्त्री ना पुरुष असा डिजिटल देह घडवला, नर्तकांच्या हालचाली यंत्राने टिपून त्या त्याला दिल्या आणि त्याला बौद्ध कल्पनेतल्या सहा लोकांतून फिरवलं. क्रोधी देवता, मेंदूची चित्रं, व्हिडिओ गेम यांची ती भेळ मला दर वेळी पटतेच असं नाही. कधीकधी तिचा नुसता गलका होतो. पण देह म्हणजे डेटा झाला तर मरण कशाला म्हणायचं, हा प्रश्न तो स्वतःच्याच चेहऱ्यावर घेतो, हे मानावं लागतं.

आता आपल्याकडे पाहू. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर 'महाभारत: एक धर्मयुद्ध' ही एआयने घडवलेली मालिका आली. विषय फाळक्यांचाच, पौराणिक. देवादिकांची गोष्ट आणि नवं यंत्र यांची जोडी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा त्यात वावगं काहीच नाही. फरक असा की फाळक्यांचा हनुमान उडतो तेव्हा तो एका माणसाने सोडवलेला प्रश्न असतो, आणि इथले योद्धे तेजस्वी, गुळगुळीत आणि एकमेकांसारखे दिसतात, कारण सरासरीने जे दिलं ते घेतलं गेलं. याच्या आधी दोन महिने आणखी गंभीर गोष्ट घडली. 'रांझणा' या २०१३ च्या चित्रपटाचा शेवट निर्मात्या कंपनीने एआयने बदलला, मेलेल्या नायकाला जिवंत केलं आणि तमिळ आवृत्ती थिएटरात लावली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी जाहीर विरोध केला. उपयोग झाला नाही, कारण हक्क कंपनीकडे होते. यंत्र कलाकाराच्या हातात आहे की मालकाच्या, हा प्रश्न त्या एका शेवटाने अगदी उघडा पाडला. फाळक्यांच्या पटांची आज थोडीच रिळं उरली आहेत, त्यांतली काही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली. हरवलेला भाग एआयकडून 'भरून काढा' अशी टूम कधीतरी निघेल. ती निघेल तेव्हा नाशिककरांनी सर्वांत आधी नाही म्हणावं.

या सगळ्या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. फाळक्यांचा कॅमेरा पितळ-लाकडाचा होता, तो पाना घेऊन उघडता येत होता. एआयचं यंत्र परदेशी कंपन्यांच्या कुलपात आहे; नाशिकच्या चित्रकाराने ते उघडावं असं म्हणणं म्हणजे चंद्रावर विहीर खणायला सांगणं. यातलं अर्धं मी मान्य करतो. मोठ्या कंपन्यांची यंत्रं खरोखरच बंद आहेत. मात्र स्टेबल डिफ्यूजनसारखी खुली यंत्रंही आहेत, आणि बऱ्यापैकी संगणकावर त्यांना स्वतःच्या चित्रांवर थोडं जास्त शिकवता येतं. आपलीच शे-दोनशे रेखाटनं त्याला दिली की सरासरीची ओढ आपल्या हाताकडे वळते. शिवाय शू बिंगने कॅमेऱ्याचा एकही स्क्रू उघडला नव्हता. त्याने कॅमेऱ्यातून वाहणारं चित्रण उघडलं, ते कुठून येतं, कुणाचं आहे, कोण पाहतं हे दाखवलं. यंत्र पोलादाचं असो की आकड्यांचं, त्यात काय घातलं जातं याची चौकशी कलाकाराला करता येतेच. फाळक्यांनाही फिल्म इंग्लंड-अमेरिकेतून आणावी लागत होती. त्यावर त्र्यंबकचं काय दिसावं ते त्यांनी ठरवलं.

दुसरा आक्षेप चोरीचा आणि पोटाचा, आणि तो मला जास्त जड वाटतो. फाळक्यांनीही रविवर्म्याच्या देवदेवतांवरूनच पोशाख आणि बैठक उचलली, मग एआयला नावं का ठेवायची, असं कुणी म्हणेल. परंपरेतून उचलणं आणि जिवंत चित्रकाराची शैली त्याला न विचारता, न सांगता कोट्यवधी लोकांना फुकट वाटणं यात अंतर आहे. हाताने नकला करणाऱ्यांचं एक अख्खं गाव चीनमध्येच आहे: शेनझेनजवळचं दाफेन. तिथे १९८९ पासून व्हॅन गॉगच्या नकला करून हजारो चित्रकारांनी घर चालवलं. ती नक्कल होती, पण तिच्यात मजुरी होती. आपल्याकडे पाट्या रंगवणाऱ्या आणि पोस्टर काढणाऱ्या कलाकारांची मजुरी फ्लेक्सने एआयच्या कितीतरी आधी खाल्ली, आणि तेव्हा आपण कुणीच कलेच्या नावाने गळा काढला नाही. स्वस्त आणि चकचकीत आहे म्हणून घेतलं. त्यामुळे आज फक्त एआयवर राग काढणं मला दुटप्पी वाटतं. कायदा या बाबतीत अजून चाचपडतो आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने एआयच्या मदतीने केलेल्या एका चित्रावर ते करणाऱ्याचा हक्क मान्य केला, शब्दांची निवड आणि पुन्हा पुन्हा केलेले बदल हे त्याचं बौद्धिक काम आहे असं म्हटलं आणि ५०० युआन भरपाई दिली. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणून ती घडवून आणणाऱ्या व्यक्तीला मानतो. दोन्हीकडे बटण दाबणाऱ्याचा विचार आहे. ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकलं त्यांचा मोबदला कोण देणार, याचं उत्तर कुठेच धड नाही आणि ते कलाकारांनी एकेकट्याने मिळवता येण्यासारखंही नाही; त्यासाठी संघटना आणि कायदाच लागेल.

तिसरा आक्षेप चीनचा. जिथे सरकारच माणसांवर कॅमेरे रोखतं आणि काय बोलावं यावर बंधन आहे, तिथल्या कलाकारांचे गोडवे कशाला? गोडवे गाण्याचा हेतू नाही. या कलाकारांना सेन्सॉरचं भान ठेवूनच काम करावं लागतं आणि थेट घोषणा त्यांच्या कामात सापडणार नाही. माझा अंदाज असा, की घोषणा करता येत नाही म्हणूनच त्यांचं लक्ष यंत्राच्या रचनेकडे वळतं. जे बोलता येत नाही ते यंत्र चालतं कसं हे दाखवून पुढे येतं. आपल्याला बोलायची मोकळीक अधिक आहे. पण पडद्यावर जे दिसतं त्याच्याबद्दलच बोलून आपण थांबतो, ते तयार कसं झालं याकडे जात नाही.

एक गोष्ट लपवू नये. यंत्र एकदा उघडलं म्हणून कायमची सुटका होत नाही. बोलपट आला आणि फाळके मागे पडले. १९३२ चा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज चढवावा लागला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापूर सिनेटोनसाठी. मग काम मिळालं नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्याच्या भरभराटीचा वाटा त्यांच्याकडे नव्हता. ध्वनीचं यंत्र महागडं होतं, ते भांडवलवाल्या स्टुडिओंच्या हातात गेलं. एकट्याच्या हिकमतीला मर्यादा असतात, त्या तेव्हाही होत्या. म्हणून आजच्या कलाकाराला 'तू शिक म्हणजे तरशील' असा कोरडा उपदेश करता येत नाही. त्याला यंत्रापर्यंत पोहोचायला जागा, पैसा आणि परवानगी कुणीतरी द्यावी लागते.

नाशिकपुढे तशी एक संधी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला आहेत. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात गर्दी मोजायला एआय जोडलेले कॅमेरे वापरले गेले. इथेही ते लागणार. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीची आठवण असलेल्या शहरात गर्दीवर नजर ठेवायला विरोध करण्याचं कारण नाही. फाळक्यांच्या छोट्या पटांच्या यादीत सिंहस्थ पर्वणीवरचाही एक पट आहे. या वेळी गोदाकाठचा प्रत्येक कोपरा टिपला जाईल आणि ते चित्रण मुख्यतः एकाच कामासाठी वाचलं जाईल: किती डोकी, कुठे जास्त. माणसाचं डोकं हा आकडा होताना यंत्राला काय दिसतं आणि काय निसटतं, हे पाहण्याची अशी जागा चित्रकाराला पुन्हा बारा वर्षांनी मिळेल. नाशिकच्या कला महाविद्यालयांनी आणि चित्रकारांच्या संघटनांनी मेळा प्राधिकरणाकडे आत्ताच लेखी मागणी करावी, की चेहरे ओळखू येणार नाहीत अशी खबरदारी घेऊन या चित्रणाचा काही भाग कलाकारांना अभ्यासासाठी द्यावा आणि गर्दी मोजणारं यंत्र कसं चालतं ते त्यांना समजावून सांगावं. मागणी पर्वणीच्या आधी पोहोचायला हवी. सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी महिनाभरात पुसलं जातं.